डायवरची काय चूक नाय

विमा कंपनीचा तपासनीस म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस भिंग घेऊन फिरत असणार. माझ्याकडे भिंग नव्हतं. एक कातडी बॅग, तिच्यात कोरे कागद, कार्बन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि दुपारची पोळीभाजी, एवढ्या भांडवलावर मी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पंचवीस वर्षं पायाखाली घातले. कुठे ट्रकने माणूस उडवला, कुठे जीप उलटली, की मुंबईच्या ऑफिसातून निरोप यायचा आणि मी भिसेगावातल्या घरातून बाहेर पडायचो. बायको विचारायची, "आज कुणाचं मोडलं?" आमच्या घरात हा प्रश्न भाजी कुठली आणू इतक्या सहजपणे विचारला जाई.

धंदा काय तो आधी सांगतो, कारण अजूनही लोकांना तो नीट कळलेला नाही. गाडी रस्त्यावर आणायची तर मालकाला विमा काढावाच लागतो. हा विमा गाडीसाठी नसतो. गाडीखाली येणाऱ्या तिऱ्हाइतासाठी असतो. तुम्ही रस्त्याने चाललात, ट्रकने तुम्हाला ठोकरलं, तर तुमची भरपाई ट्रकमालकाच्या वतीने कंपनी भरणार. ऐकायला किती छान. पण त्यात एक अट होती आणि माझं पोट त्या अटीवर चालायचं. चूक ड्रायव्हरची होती, हे जखमी माणसाने सिद्ध करायचं. नाही झालं सिद्ध, तर पाय गेलेला असो की जीव, हाती काही लागत नसे. मी जाऊन चूक कुणाची ते शोधायचं, जबाब घ्यायचे आणि अहवाल पाठवायचा. म्हणजे कागदावर माझं काम चूक शोधण्याचं होतं. खरं सांगायचं तर ती ड्रायव्हरची नव्हती, हे शोधण्याचं होतं. हे मला कुणी तोंडाने सांगितलं नाही, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही.

कंपनीने मला घेतलं ते माझ्या जिभेमुळे. मुंबईहून आलेला माणूस पँट सावरत बांधावर उभा राहून "आपले निवेदन द्या" म्हणाला की आमच्याकडचा माणूस तोंड मिटतो. मी ओटीवर बसायचो, पाणी मागायचो, भात किती आला, जोत कुणाचं लावलं, असं विचारायचो. अर्ध्या तासात माणूस मोकळा व्हायचा. मग अपघाताचा विषय तोच काढायचा. या हातोटीचा मला फार अभिमान होता.

काही किस्से अजून आठवले की हसू येतं. आमच्या भागात तेव्हा गवताचा मोठा व्यापार. कापलेलं गवत वखारीत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना ट्रकने धाडायच्या. गाठींवर बसून माणसंही जात. एकदा असा एक ट्रक वळणावर कलंडला आणि अकरा जण जखमी झाले. मालाच्या ट्रकवर बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नाही, हे गावातल्या कुणा शहाण्याने त्यांना सांगितलेलं. मी पोचलो तर अकराच्या अकरा जण म्हणाले, आम्ही रस्त्याने चाललो होतो. अकरा माणसं एका ओळीत चालली आहेत आणि ट्रक बरोब्बर त्यांच्याच अंगावर कलंडतो. सगळ्यांच्या केसांत गवत. मी एकेकाला बाजूला घेऊन इतकंच विचारलं की चालताना नदी कुठल्या हाताला होती. पाच जणांनी डावा हात सांगितला, चार जणांनी उजवा, दोघे म्हणाले नदी नव्हतीच. ऑफिसात हा किस्सा पुढे कित्येक वर्षं सांगितला गेला. त्या अकरा जणांना काही मिळालं नाही, हे मात्र सांगताना कुणी म्हणत नसे. मीही म्हणत नसे.

आणखी एक म्हातारबाबा होते, कशेळ्याच्या बाजूचे. टेंपोने त्यांना आणि त्यांच्या बैलाला एकदमच धडक दिली. बाबांचा हात मोडला, बैल मेला. मी हाताबद्दल विचारतोय आणि बाबा बैलाबद्दल बोलतायत. शेवटी म्हणाले, "हात काय रं, जुळंल. बैल जुळल काय?" मी त्यांना सांगितलं की बैलाचंही मागा, हाताचंही मागा. ते सांगणं फुकटचं होतं, कारण ऑफिसचा निरोप चुकून आला होता आणि त्या टेंपोचा विमा आमच्याकडे नव्हता, हे मला तोवर कळलं होतं. आपल्या कंपनीच्या गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी ते सांगितलं असतं का? आज मी याचं उत्तर देऊ शकतो. तेव्हा असा प्रश्नच मनात येत नसे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. भातं निघाली होती आणि माळावर गवताची कापणी चालू होती. लोधिवलीच्या पुढे, मुंबई-पुणे हमरस्त्यावर, नथू कर्णूक नावाचा एक शेतकरी सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन वखारीकडे चालला होता. वय पस्तिशीच्या आतबाहेर. स्वतःचं थोडं शेत, थोडं दुसऱ्याचं अर्धेलीने केलेलं, एक बैलजोडी. समोरून येणाऱ्या एसटीला चुकवायला एक ट्रक डांबर सोडून मातीत उतरला आणि नथूला घेऊन पुढे गेला. मुंबईच्या इस्पितळात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

पोलिसांचा पंचनामा मी वाचला होता. चाकांचे व्रण डांबराच्या बाहेर चार हात, मातीत. म्हणजे माणूस आपल्या जागी होता आणि ट्रक त्याच्या जागेत आला. इतकी स्वच्छ केस वर्षातून एखादी मिळते. ट्रकचा विमा आमच्या कंपनीचा होता, म्हणून मला ती स्वच्छ केस नको होती.

नथू घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी गेलो. खाट ओटीवर टाकलेली. मी नेहमीप्रमाणे भातापासून सुरुवात केली. त्याची बायको सुंदराबाई दाराशी उभी होती. थोड्या वेळाने नथू आपणहून ड्रायव्हरबद्दल बोलायला लागला. ड्रायव्हर वाईकडचा, यशवंत नावाचा. अपघात करून तो पळाला नव्हता. त्यानेच नथूला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. पुढे दर फेरीला तो इस्पितळात यायचा, पायथ्याशी बसून राहायचा, घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणायचा.

"रडायचा वो," नथू म्हणाला. "मीच त्याला सांगायचो, गप रं, व्हायचं ते झालं."

"त्याच्यावर खालापूरला खटला आहे," मी म्हणालो.

"तेच ना. त्याला तीन पोरी हायत. तो आत गेला तं त्यांनी काय खायाचं? आनि पैसं भरायला लावलं तं तो कुठनं भरंल?"

इथे मी थांबलो. हा क्षण मला आजही लख्ख आठवतो, ओटीवरच्या शेणाच्या सारवणाच्या वासासकट. नथूची समजूत अशी होती की चूक ड्रायव्हरची म्हटली तर भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून जाणार. मला एकच वाक्य बोलायचं होतं: अरे, पैसे ड्रायव्हर देत नाही, कंपनी देते. त्याच्या पोरींच्या ताटातलं काही जाणार नाही. आणि तो तुरुंगात जाणार की नाही, तो खटलाच वेगळा. ही काही गुपितं नव्हती. कुठल्याही वकिलाने सांगितली असती.

मी ते वाक्य बोललो नाही. मी विचारलं, "मग चूक कुणाची म्हणायची?"

"डायवरची काय चूक नाय," नथू म्हणाला.

"डोक्यावर भारा होता. म्हणजे तुला बाजूचं नीट दिसत नसणार."

"भाऱ्याखाली कुनाला दिसतं?"

"मग चालताना जरा रस्त्याकडे सरकला असशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असंन. लिवा तसं."

मी लिहिलं. 'डोक्यावर भारा असल्याने मला बाजूचे दिसत नव्हते. मी चालता चालता रस्त्यावर आलो. चालकाची चूक नाही.' वाचून दाखवलं. त्याचा अंगठा धरून पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवला. मग सुंदराबाईने चहा दिला, तो प्यायलो. मुंबईच्या साहेबांनी त्या अहवालावर लाल शाईने 'उत्तम काम' असा शेरा मारला. मी तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला होता.

नथूचा मेहुणा खोपोलीच्या एका कारखान्यात होता. तो चार बुकं शिकलेला. त्याने वकील गाठला आणि अलिबागच्या न्यायाधिकरणात दावा लावला. मोटार अपघातांचे दावे तिथे चालायचे. वकिलाचं बोलणं व्हायचं ते मेहुण्याशी, आणि नथूची गाठ पडली ती थेट तारखेला. त्यात दाव्याच्या कागदावर ज्यांच्याकडून भरपाई मागायची त्यांची नावं असतात, पहिलं नाव ड्रायव्हरचं, मग मालकाचं, सगळ्यात शेवटी कंपनीचं. हा नुसता रिवाज. पण पुकारा झाला आणि यशवंतचं नाव पहिलं आलं तेव्हा नथूने मान वळवून मेहुण्याकडे जे पाहिलं, ते मी मागच्या बाकावरून पाहिलं. त्याची समजूत पक्की झाली होती.

आमच्या वकिलांनी जबाबाचा कागद त्याच्या पुढे धरला.

"हा अंगठा तुझा?"

"माझाच."

"यात लिहिलंय की चालकाची चूक नाही. हे खरं?"

साक्षीला बोलावलेला यशवंत भिंतीशी उभा होता, टोपी हातात घेऊन. नथू कुबडीवर रेलला होता. त्याने एकदा यशवंतकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"खरं हाय," तो म्हणाला.

त्याचा वकील कपाळाला हात लावून खाली बसला. दावा फेटाळला गेला. फौजदारी खटल्यातून यशवंतही सुटला होता, नथूच्याच साक्षीमुळे. बाहेर आवारात यशवंत नथूच्या पाया पडायला वाकला, तेव्हा नथू हसून म्हणाला, "एकच ऱ्हायलाय, त्याला तरी धरू नको." मी दोन हातांवर उभा होतो. तेव्हाही मला बोलता आलं असतं. निकालाविरुद्ध वर जाता येतं, जबाब देताना पैसे कोण देणार याची तुझी समजूत चुकीची होती असं वकिलाला सांग, एवढं म्हणायचं होतं. मी पुढे गेलो आणि पेणची एसटी पकडली.

पुढच्या वर्षी नथूने बैल विकले. अर्धेलीचं शेत मालकाने दुसऱ्याला दिलं, कारण चिखलात कुबडी उभी राहत नाही. सुंदराबाई वखारीत गवत दाबायला जाऊ लागली. हे मला येता-जाता कळायचं. चौकीदारापासून चहावाल्यापर्यंत सगळे माझ्याशी बोलायचे ना, मीच लावलेली सवय. नथूच्या गावावरून जाताना मी एसटीत दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागलो.

मग ब्याऐंशी साली कायदा बदलला. ऑफिसात परिपत्रक आलं. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तर चूक कुणाची हे न विचारता काही रक्कम द्यायचीच. मृत्यूला पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. त्याहून जास्त हवं असेल तर मात्र पूर्वीसारखीच चूक सिद्ध करायची. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती, तरी ज्याच्या घरात काहीच येत नव्हतं त्याच्या घरात एवढं तरी जाणार होतं. ऑफिसात दोन दिवस कुरकुर चालली. कुणी म्हणालं, आता लोक गाड्यांखाली उड्या मारतील. मी परिपत्रक तीनदा वाचलं आणि आमच्या कायदा विभागातल्या माणसाला विचारलं, निकाल लागलेल्या जुन्या केसला हे लागू होईल का. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी परिपत्रकाची घडी घातली. लागू होणार नव्हतं.

तरी मी नथूकडे गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येत नाही. त्याला द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते आणि आशाही नव्हती. बहुधा मला कुणीतरी रागवायला हवं होतं.

तो ओटीवर बसून वाखाचा दोर वळत होता. वखारीला गाठी बांधायला दोर लागतात, ते तो पुरवायचा. केस पांढरे व्हायला लागलेले. मी नवा कायदा सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं. मंग आता चूक इचारत नाय?"

"पहिल्या रकमेसाठी नाही विचारत."

"आनि ते पैसं कुनी द्यायचं? डायवरनी?"

"कंपनीनं," मी म्हणालो. आणि मग, पाच वर्षांनी, ते वाक्य बोललो. "तेव्हाही कंपनीच देणार होती, नथू. यशवंतला एक पैसा भरावा लागला नसता."

त्याचे हात थांबले. आत सुंदराबाई भांडी घासत होती, तो आवाजही थांबला.

"तुमाला तवा ठावं होतं?"

"होतं."

"मंग बोलला का नाय?"

मी म्हणालो, नोकरी होती. हे उत्तर तोंडातून बाहेर पडताना मला त्याची चव कळली. तो रागावला नाही. तो म्हणाला, "मला वाटलं, तुमी आपल्यातलं. त्याला वाचवायलाच आलाव. तुमी भाऱ्याचं काढलंत, तवा मला वाटलं, तुमी मला वाट दावताव, तसं बोललं म्हंजी यशवंता सुटंल. म्हनून म्हनलं, लिवा."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एका भोळ्या माणसाच्या चांगुलपणाचा फायदा घेतला. ते तर होतंच. पण त्याने तो जबाब माझ्यावर विश्वास ठेवून दिला होता, दोघांनी मिळून एका गरिबाला सोडवतोय असं समजून. सुंदराबाई बाहेर आली नाही. मी उठलो तेव्हा नथूने बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तो पुन्हा दोर वळायला लागला.

त्यानंतर माझ्या कामात मी बदललो, असं लिहायला मला आवडलं असतं. थोडा बदललो. पंचनाम्याच्या उलट जाणारे प्रश्न विचारणं सोडलं. भाऱ्यासारखी सबब कुणाच्या तोंडात घातली नाही. पण ते वाक्य आपणहून सांगण्याची हिंमत काही माझ्यात आली नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं. गप्प राहण्याला कारणं लागतात तेवढी माझ्याकडे नेहमीच असत.

दीडेक वर्षाने खोपोलीच्या अलीकडच्या एका वाडीत गेलो. एका तरुण माणसाचा हात टेंपोखाली चिरडला होता. तो इस्पितळात होता आणि घरी त्याची बायको मंदा, विशी-बाविशीची, कडेवर तान्हं मूल. अपघात तिच्या डोळ्यांदेखत झालेला, म्हणून जबाब तिचा घ्यायचा होता. ठरलेली रक्कम तर मिळणारच होती, पण त्यावरचं सगळं त्या जबाबावर होतं. मी ओटीवर बसलो, पाणी मागितलं. तिने तांब्या आणून ठेवला. मी भाताबद्दल विचारलं.

"भाताचं राहू द्या," ती म्हणाली. "आदी मला सांगा, मी डायवरची चूक हाय म्हनलं तं पैसं कोन देनार? डायवर का कंपनी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"कंपनी," मी म्हणालो.

"आनि त्याला जेल व्हायची ती या कागदानी व्हनार?"

"नाही. तो खटला वेगळा."

तिने मान हलवली, जणू मी तिच्या परीक्षेत पास झालो. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. ती म्हणाली, लोधिवलीकडचे एक नथूदादा येऊन गेले. काखेत कुबडी, एक पाय नाय. कुठं कुनाला गाडीनं उडवलं असं कानावर आलं की ट्रकवाल्याला हात करतात आनि त्या घरी जातात. काय घेत नायत, चा पन नाय. इमावाला यायच्या आदी यवढं दोन सवाल सांगून जातात.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "इमावाल्याबद्दल काही म्हणाले?"

मूल दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "म्हनले, भिसेगावचा येईल. मानूस वाईट नाय. पन इचारल्याबिगर सांगायचा नाय."

मी जबाबासाठी काढलेला कोरा कागद परत बॅगेत ठेवला आणि तिला म्हणालो, "आणखी काय विचारायचंय ते विचार." तिने विचारलं. दिवेलागणीपर्यंत विचारत होती.